बोस्टनचा पाहुणा आणि नगरची मंडळी

पाहणी म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. दुष्काळ पडला की पाहणी, गारपीट झाली की पाहणी. गाड्या बांधाला लागतात, साहेब दोन पावलं रानात टाकतात, करपलेलं ताट हातात धरून बघतात, तलाठी कागद पुढं करतो आणि अर्ध्या तासात धुरळा उडवत सगळे पुढच्या गावाला. मग मुंबई-दिल्लीत जे ठरतं ते आपल्याला वर्षभर निस्तरावं लागतं. पण आमच्या नगर जिल्ह्यात एक पाहणी अशी झाली, की तिचे परिणाम शंभर वर्षांहून जास्त टिकले. ती सरकारची नव्हती. ती चर्चची होती, आणि पाहणी करणारे साहेब थेट अमेरिकेतल्या बोस्टनहून आले होते. साल १८५४.

मी नेवासे तालुक्यातला, घर वारकऱ्याचं. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो पैसाचा खांब आमच्याच तालुक्यात. मग माळकऱ्याला चर्चच्या इतिहासाशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. पण नेवासे, राहुरी, शेवगाव, पारनेर या पट्ट्यात गावोगाव ख्रिस्ती घरं आहेत. वडाळा बहिरोबाचं मिशन आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. शाळेत माझ्या शेजारी बसणारा पोरगा ख्रिस्ती होता. त्यांचा इतिहास हा आमच्या गावकुसाचाच इतिहास आहे, फक्त तो कुसाच्या बाहेरून लिहिलेला आहे. म्हणून मी तो जमेल तसा वाचत आलो.

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडायचीच भाषा चालली होती, पण कसेबसे टिकले. हॉल १८२६ साली नाशिककडं फिरतीवर असताना पटकीनं गेले. १८३१ च्या अखेरीस मिशनची माणसं नगरला आली. त्यातले हर्वी नावाचे मिशनरी पुढच्याच वर्षी नगरमध्ये पटकीनं वारले. अशी ही सुरुवात. माणसं येत होती, मरत होती, आणि मंडळीत भर पडत होती ती बोटावर मोजण्याइतकी. ख्रिस्ती लोक आपल्या चर्चमधल्या जमावाला 'मंडळी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. आपल्याकडं पाहुणे आले की आपण म्हणतोच, "या मंडळी, बसा."

या मिशननं नगरात काही मोठी कामं केली हे नाकारून चालणार नाही. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा नगरला होत्या. त्या पाहून १८४८ साली जोतीराव फुले पुण्याला परतले आणि मुलींची शाळा काढायचं त्यांनी मनावर घेतलं. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडं अध्यापनाचे धडे घेतले. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे पत्र निघालं, तेही नगरला. १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध छापला तो याच 'ज्ञानोदया'नं.

तरीपण मंडळी म्हणून पाहिलं तर सगळं लंगडंच चाललं होतं. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक असे काही ब्राह्मण ख्रिस्ती झाले, त्यांना त्यांच्या लोकांनी वाळीत टाकलं. नंतर खेड्यांतून जे लोक येऊ लागले ते बहुतेक महारवाड्यातले, काही मांगवाड्यातले. गरीब माणसं. शाळेच्या मास्तरचा पगार बोस्टनचा, प्रार्थनाघराचं छप्पर बोस्टनचं, पुस्तकं बोस्टनची. तिकडच्या लोकांना प्रश्न पडला, की चाळीस वर्षं पैसा ओततोय, ही विहीर भरणार कधी?

तेव्हा बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन स्वतः निघाले. यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तरुणपणी यांनाच मिशनरी होऊन हिंदुस्थानात यायचं होतं. पण बोर्डानं त्यांना कचेरीतच ठेवून घेतलं. मग जगभरातल्या मिशनऱ्यांची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची, पैशाचा हिशेब बघायचा, हेच त्यांचं आयुष्य झालं. १८३२ ते १८६६ ते त्या खुर्चीत होते. ज्या देशात जाऊन राहायचं होतं तो देश त्यांनी वीस-पंचवीस वर्षं कागदावरच पाहिला, आणि आले तेव्हा वयाची पन्नाशी उलटून गेली होती. सोबत ऑगस्टस थॉम्सन नावाचे पाळक होते.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ते मुंबईत उतरले. आगगाडी तेव्हा कल्याणपर्यंतच होती. पुढं घाट चढून पुणं आणि पुण्याहून नगर, हा सगळा प्रवास जनावराच्या नाहीतर माणसाच्या पायानं. डिसेंबरात नगरला मिशनऱ्यांच्या बैठका झाल्या. आजच्यासारखी अर्ध्या तासाची पाहणी नव्हती ती, दिवसच्या दिवस बसून एकेक बाब खोदून काढली. अँडरसनसाहेबांचं म्हणणं तीन शब्दांत सांगता येतं. मंडळीनं आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला धर्म आपण पसरवावा. गोरा मिशनरी हा पाहुणा आहे, घरधनी नाही. त्यानं काम उभं करावं आणि पुढं निघावं. लंडनच्या एका मिशनचे सेक्रेटरी हेन्री व्हेन यांनीही त्याच काळात हेच मांडलं होतं. शंभर वर्षांनी, १९५० नंतर, चीनमधल्या प्रोटेस्टंट चर्चनं परदेशी पैसा आणि हुकूम तोडताना हेच तीन शब्द आपल्या चळवळीच्या नावात घातले. म्हणजे विचार किती लांब गेला बघा.

नगरला त्याचं फळ त्याच सुमारास दिसलं. हरिपंत आणि रामकृष्णपंत यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीचा मुख्य माणूस पहिल्यांदा इथला झाला. जन्मानं ब्राह्मण असलेला पाळक आणि समोर बसलेली मंडळी बहुतेक महार, आणि सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा, एकाच प्याल्याला तोंड लावायचं. १८५४ साली! आमच्या गावात शिवेवरच्या पाणवठ्याचं भांडण माझ्या आजोबांच्या आठवणीतलं आहे, म्हणून मला त्या चित्राचं महत्त्व कळतं.

दुसरी गोष्ट मात्र वादाची झाली. इंग्रजी शाळांवर गदा आली. कलकत्त्याला अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजी शिक्षणातून धर्म पोचवायचा मार्ग धरला होता, तो अँडरसनसाहेबांना पटत नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता. पोरगा इंग्रजी शिकला की कचेरीत चिकटतो. खेड्यातल्या मंडळीला त्याचा पगार परवडत नाही आणि त्यालाही खेडं परवडत नाही. मराठी शिकलेला पोरगा गावात राहील, थोडक्यात भागवील, आणि त्याला पोसायला मंडळीला कधीतरी जमेल. म्हणून इंग्रजी कमी करा, खेड्यात मराठी शाळा काढा. नगरहून निघाल्यावर तिकडं सिलोनातही तेच झालं. बट्टिकोटाचं नामांकित विद्यालय १८५५ मध्ये बंद पडलं.

आता गंमत बघा. त्याच १८५४ साली इंग्लंडातून सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणाचा खलिता आला. शाळांना सरकारी अनुदान द्यायचं ठरलं. १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं. म्हणजे सरकारचं दार उघडत होतं ते इंग्रजीच्या किल्लीनं, आणि ज्यांच्या हातात कधी कुठली किल्ली आली नव्हती त्यांना इथं सांगितलं जात होतं, की तुम्हांला मराठी पुरे. मराठीवर माझं प्रेम आहे, मी जे चार शब्द लिहितो ते मराठीतच. पण भाषेचं प्रेम पोटभरल्या माणसानं उपाशी माणसाला शिकवू नये. ज्याला गावातून बाहेर पडायची एकच वाट होती, त्याला गावात राहण्याचं महत्त्व सांगणं हे त्याच्या भल्याचं होतं का, की हिशेबाच्या वहीचं? अमेरिकेतही हाच प्रश्न उठला. मिशनरीच नाराज झाले. १८५६ च्या मार्चमध्ये अल्बनी गावी बोर्डाची खास सभा घ्यावी लागली आणि साहेबांना तिथं आपल्या पाहणीचा जाब द्यावा लागला. ते त्यातून निभावले, पण पुढं काही दशकांत मिशनला इंग्रजी शिकवणं परत हाती घ्यावंच लागलं.

तरी एका बाजूनं तोलून चालणार नाही. त्या मराठी शाळांमुळं महारवाड्यात पाटी-पेन्सिल आली. गावच्या शाळेत ज्याला ओट्यावरही चढू देत नव्हते, तो पोरगा आपल्या वस्तीत अक्षर गिरवू लागला. आमच्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतून तीन-चार पिढ्यांमागचा माणूस सहीचा आहे, अंगठ्याचा नाही. आमच्या कुणब्यांच्या घरात त्याच काळातला माणूस बहुतेक अंगठ्याचा.

पण माझा खरा मुद्दा पुढंच आहे, आणि तो शेतकऱ्याचा मुद्दा आहे. 'आपला खर्च आपण भागवा' हे सूत्र कुठल्या मातीत उगवलं? अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या गावांत. तिथं शेतकरी स्वतःच्या जमिनीचा मालक. रविवारी चर्चला येणारा माणूस आपल्या कणगीतलं देतो. तिथं मंडळीनं पाळक पोसणं ही साधी गोष्ट. आमच्याकडचा सप्ताह तसाच चालतो. घरटी वर्गणी निघते, कुणी गहू देतं, कुणी गूळ, कुणी एका पंगतीचा खर्च उचलतं. कीर्तनकाराला गाव पोसतं. बाहेरचा पैसा लागत नाही, कारण देणाऱ्याच्या पायाखाली जमीन आहे.

१८५४ च्या महारवाड्यात काय होतं? वेसकरी करायची, सांगावे पोचवायचे, गावची हद्द दाखवायची, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. त्याबद्दल हाडकी-हाडोळ्याचं वतन, तेही भाऊबंदकीत वाटून टिचभर झालेलं, आणि खळ्यावरचं बलुतं. बलुतं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना कळणार नाही. सुगीला खळ्यावर रास पडली की महारानं यायचं, लांब उभं राहायचं आणि कुणब्यानं त्याच्या पदरात धान्य घालायचं. हक्काचं होतं ते, पण हात कुणब्याचा. त्याची मर्जी असेल तर पाटी भरून, नसेल तर वरवर.

आता हा माणूस ख्रिस्ती झाला. मेलेलं जनावर ओढणार नाही म्हणाला. देवीच्या जत्रेत हलगी वाजवणार नाही म्हणाला. मग खळ्यावर काय झालं असेल? अनेक गावांत बलुतं अडवलं गेलं, त्रास दिला गेला. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा कंपनी सरकारनं १८५० सालीच केला होता. पण कायदा कचेरीत असतो आणि रास खळ्यावर. ज्या धान्यातून मंडळीनं पाळकाला पोसायचं, ते धान्यच मंडळीत गेल्यामुळं बंद व्हायचं. हा पेच बोस्टनच्या सूत्रात नव्हता. स्वतःच्या पायावर उभे राहा, हे बोलणं खरं होतं, मायेचंही होतं. पण पाय टेकायला जमीन लागते, आणि ती दुसऱ्याची होती.

म्हणून स्वावलंबन ठरावात आलं आणि व्यवहारात रेंगाळलं. त्यात १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला, पुन्हा १८९९-१९०० चा आला. मिशननं अन्न दिलं, काम दिलं, पोरकी लेकरं सांभाळली. रॉबर्ट ह्यूम या मिशनऱ्यांना त्या कामासाठी सरकारनं पदक दिलं. लोक जगले, ही मोठीच गोष्ट. पण दुष्काळात ज्याच्या हातून खाल्लं त्याच्याशी सुकाळात बरोबरीनं बोलणं अवघड असतं. हे आम्ही सावकाराच्या ओसरीवर शिकलो आहोत. पैशाची थैली गोऱ्या माणसाकडं आणि कारभार काळ्या माणसाकडं, असं जगात कुठं चालतं? थैलीवाल्याचाच शब्द शेवटचा राहतो.

हे सगळ्यांत नीट ओळखलं ते कवी नारायण वामन टिळकांनी. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं बरीच वर्षं नगरला काढली. अभंग, भजन, कीर्तन ही आपली वाट धरून त्यांनी ख्रिस्त सांगितला. माझ्यासारख्या माळकऱ्यालाही ते पद ऐकताना परकं वाटत नाही, टाळ तोच, ठेका तोच. पण मिशनचा पगार घेऊन आपल्या लोकांना स्वतंत्र व्हा असं सांगणं त्यांना जड जाऊ लागलं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ ला ते गेले. अँडरसनसाहेब जे वरून सांगत होते, ते टिळकांनी खालून करून दाखवायला घेतलं. फरक एवढाच की साहेबांनी ते दुसऱ्यांना सांगितलं आणि टिळकांनी आपल्या घरची चूल पणाला लावली.

स्वावलंबन प्रत्यक्षात कसं दिसतं, ते मी लहानपणी पाहिलं आहे. शाळेतल्या त्या मित्राच्या गावी कापणीचा सण असायचा. सुगीनंतरच्या एका रविवारी जो तो आपल्या रानातलं, परसातलं चर्चला आणायचा. ज्वारीची कणसं, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. मी १९७२ साली गेलो होतो. दुष्काळाचं साल. शेतात काडी नव्हती. सगळा गाव, आमच्यासकट, खडी फोडायला जात होता, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खात होता. त्या वर्षी चर्चपुढं लिलावाला एक भोपळा होता, तोही कुणी विहिरीच्या कडंला जगवलेला. एका बाईनं तो बोलीत घेतला, पैसे दिले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला. मग दुसऱ्यानं घेतला, पैसे दिले, परत ठेवला. एकच भोपळा पाच-सहा वेळा विकला गेला. मी मित्राच्या आजोबांना विचारलं, "मास्तरआजोबा, हे भोपळा घरी का नेत नाहीत?"

मास्तर हसले. म्हणाले, "अरे, भोपळा कुणाला पाहिजे? पाळकाच्या घरी चूल पेटायला पाहिजे."

खडी फोडून मिळालेली ती मजुरी होती. वतनाची नव्हती, बलुत्याची नव्हती, मिशनची तर नव्हतीच. सरकारी कामावर घाम गाळून मिळालेले रोकड पैसे, ज्यावर कुठल्या पाटलाची मर्जी चालत नव्हती. आज विचार करतो तेव्हा वाटतं, बोस्टनच्या साहेबांना जे हवं होतं ते हेच. फक्त ते यायला शंभरावर वर्षं लागली, आणि ते उपदेशानं आलं नाही.

ते कशानं आलं? मला दिसतं ते असं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. तेव्हा यश आलं नाही, पण वतन म्हणजे मान नाही, दावं आहे, हे लोकांना कळलं. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. वेठ गेली, बलुत्याची लाचारी गेली. ख्रिस्ती असो, बौद्ध असो, हाडोळ्याचा तुकडा स्वतःच्या नावावर करायची वाट निघाली. शिकलेली पोरं शिक्षक झाली, परिचारिका झाल्या, पोरं पुण्या-मुंबईच्या कारखान्यात गेली आणि मनिऑर्डरी येऊ लागल्या. १९४७ साली भास्करराव हिवाळे यांनी नगरला कॉलेज काढलं, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या जातीधर्माच्या पोरांना त्याचा उपयोग झाला. १९७० साली उत्तर भारतातली बरीच चर्चं एकत्र आली, त्यांत नगरची मंडळीही गेली. कारभार इथल्या माणसांच्या हातात आला.

अँडरसनसाहेबांना मी वाईट म्हणणार नाही. परक्या माणसानं घरधनी होऊ नये, हे गोऱ्या सत्तेच्या भर जोमात म्हणणारा माणूस साधा नव्हे. त्यांचं ध्येय चुकलं नाही, क्रम चुकला. त्यांनी आधी सांगितलं स्वावलंबन, आणि जमीन, मजुरी, शिक्षण ही मागून येतील असं धरलं. शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की आधी नांगरट, मग पेरणी. आजही बचत गट असो, सोसायटी असो, गरिबाला स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. त्यांना एवढंच विचारावं, की सातबारा कुणाच्या नावावर आहे, तेवढं आधी बघून आलात का?